दाजींचं मीटर

साऱ्या सोलापुरात, आणि वर सासरवाडीची बार्शी धरली तरी, आमच्या साडूंइतकं विजेतलं कळणारा दुसरा माणूस नाही. हे वाक्य माझं नव्हे. ते आमच्या बायकोचं आहे, तिच्या माहेरच्या झाडून सगळ्या माणसांचं आहे आणि शुक्रवार पेठेतल्या आमच्या अख्ख्या बोळाचं आहे. मी फक्त ते वर्षानुवर्षं ऐकत आलोय. ऐकताना माझ्या पोटात काय होतं ते एकदा लिहून टाकावं म्हणतो, कारण आता वय झालं, आणि असल्या गोष्टी पोटात ठेवल्या की मला पित्त होतं. अहो, मी विजेच्या ऑफिसात एकतीस वर्षं नोकरी केली! बिलिंग सेक्शनला. स्थिर आकार म्हणजे काय, वहन आकार म्हणजे काय, सरासरी बिल कधी काढायचं आणि कधी नाही, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण झोपेतून सोडा, जागेपणीसुद्धा कुणी विचारत नाही. विचारायचं ते साडूंना. आणि साडू कोण? पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. शिक्षण नववी, तेही मोडनिंबला, आणि त्यातही नववीचा निकाल काय लागला होता हे सासरवाडीत आजवर कुणी उघडपणे बोललेलं नाही.

आमच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान, म्हणून बायको त्यांना दाजी म्हणते. ती म्हणते म्हणून मी म्हणायला लागलो, आणि मग बघता बघता सगळा बोळच दाजी म्हणायला लागला. ते बोळाच्या त्या टोकाला राहतात आणि मी ह्या टोकाला. समोरच्या तेलुगू मावशी, ज्यांचं मराठी पंचवीस वर्षांत 'येतंय, जातंय' याच्यापुढं गेलेलं नाही, त्यासुद्धा खिडकीतून 'दाजीऽऽ, लाईट?' एवढं बिनचूक विचारतात. मीही त्याच घरचा जावई. त्याच मांडवात, त्याच भटजींनी माझंही लग्न लावलं. पण बोळात मला नाव एकच, 'दाजींचे साडू'. परवा टपालवाल्यानं माझं पेन्शनचं पाकीट दाजींच्या हातात दिलं आणि वर मलाच सांगितलं, की ओळखीच्या माणसाकडं दिलंय, काळजी करू नका.

दाजींची विद्या सगळी कानात आहे. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यावर माणूस बहिरा व्हायला हवा, ह्यांचा कान उलट तयार झाला. पंख्याखाली बसले की डोळे मिटून व्होल्टेज सांगतात. कोपऱ्यावरच्या डीपीखाली उभे राहून, वैद्य नाडी बघतो तसा चेहरा करतात आणि म्हणतात, "आज लोड लई हाय. संध्याकाळी जाणार." आणि जाते हो! लाईट गेली की पेठेतली माणसं ऑफिसला फोन लावत नाहीत, दाजींच्या गच्चीखाली जमतात. दाजी वर चढून कुठल्या बाजूचे दिवे गेलेत ते बघतात आणि वरनंच निकाल देतात, "आपला फीडर न्हाय, खांबावरचा जंप तुटलाय, तारंचा जोड. अर्ध्या तासात येतीय." एकदा आमचा फ्रिज विचित्र वाजायला लागला. मी घरात होतो, चष्मा शोधत होतो, मागं ओढून बघणारच होतो. तेवढ्यात बायकोनं मला ओलांडून दाजींना बोलावणं धाडलं. दाजी आले, फ्रिजसमोर मांडी घालून बसले, डोळे मिटले. आमची ही पदर तोंडाला लावून उभी, जणू ऑपरेशन चाललंय. दोन मिनिटांनी म्हणाले, "फ्रिज ठणठणीत हाय. वर शेंगाचटणीची बरणी ठिवलीया, तिचं झाकण वाजतंय." बरणी उचलली, आवाज बंद. त्या दिवशी त्यांना कडक भाकरी, चटणी, दही असं ताट वाढलं गेलं. मला बरणी नीट जागेवर ठेवायला सांगितलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ज्याच्या त्याच्या हत्याराची पूजा असते. दाजी पाना, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर मांडतात हे समजू शकतो. पण ते विजेच्या मीटरचीही पूजा करायचे. जिन्याखालची ती काळपट पेटी, आत गरगर फिरणारी चकती. तिला हळदकुंकू, झेंडूचा हार, समोर नारळ. "चोवीस तास राबतंय, एक दिवस तरी त्याला मान द्याला नगं का?" असं म्हणायचे. माझ्या ऑफिसनं लावलेल्या मीटरला हार माझा साडू घालतो, आणि बोळातल्या बाया ते बघायला ओळीनं उभ्या राहतात! मी घरी पेनाची पूजा करत असे. ती बघायला कुणी आलं नाही.

इतकं सगळं असूनही मला त्यांच्यावर मोकळेपणानं जळता येत नाही, हे माझं खरं दुखणं आहे. कारण अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी, दाजींची बायको. दोन वर्षांपूर्वी तिची फुप्फुसं थकली. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं, रात्रंदिवस. विजेवर चालतं, खोलीतल्या हवेतनं ऑक्सिजन काढून नळीनं नाकात सोडतं. ते बंद पडलं तर कोपऱ्यात एक सिलिंडर उभा आहे, पण तो काही तासांचा सोबती. तेव्हापासून दाजींचा कान घरातल्या घरात पहाऱ्यावर आहे. जेवताना घास हातात धरून थांबतात, घरघर ऐकतात, मग घास तोंडात जातो. दोन वर्षांत सलग तासभर झोपलेले कुणी बघितले नाहीत. आता अशा घरावर जळणाऱ्या माणसाला काय म्हणावं? मी स्वतःला पुष्कळ काही म्हणून बघितलं. पण जळणं काही कमी होईना.

अशात ह्या वर्षी आमच्या पेठेत स्मार्ट मीटरवाले आले. ठेकेदाराची दोन माणसं, पाठीवर पिशव्या, हातात मोबाईल. वर्तमानपत्रांतून लोकांनी आधीच काय काय वाचलेलं, की मीटर पळतं, बिल दुप्पट येतं, घरात कोण किती वाजता उठतं ते पुण्या-मुंबईला कळतं. मला वाटलं, आला आपला दिवस! इस्त्रीचा शर्ट घालून बोळात उतरलो आणि सांगायला लागलो, की बाबांनो, मीटर हे मीटर असतं, मापाचं यंत्र आहे, त्याला तुमच्याशी वैर नाही. चार वाक्यं झाली असतील. पाचव्याला लोक वळून चालायला लागले होते, कारण त्या टोकाला दाजींनी मीटरच्या पेटीसमोर स्टूल टाकलं होतं.

दाजी भांडले नाहीत. त्यांनी त्या दोघांना पाणी दिलं आणि एकच प्रश्न विचारला. "ह्याच्यातनं वीज तोडायची झाली, तर कोन येनार?"

"कुणी यायला लागत नाही काका," त्यातला मोठा अभिमानानं म्हणाला. "तिकडूनच बंद होतं. बटणावर."

"मग न्हाय बसवायचं."

"अहो पण तुम्ही बिल भरलं तर कोण कशाला तोडेल?"

"मी भरतोच की. बिल आल्या दिवशी भरतो. पन मशिनीला चूक झाली तर? आदी वायरमन यायचा, दार वाजवायचा. आत बगायचा. आत कोन निजलंय ते मानसाला दिसतंय. बटनाला काय दिसतंय सांगा बरं?"

नोटीस द्यावी लागते, मुदत द्यावी लागते, असे नियम मला तोंडपाठ होते आणि ते घशाशी आले होते. विचारलं कुणी नाही. आमची ही मागून म्हणाली, "बघा, दाजींनी कसं नेमकं धरलं." माणसं मीटर घेऊन परत गेली.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली, तेव्हा दाजी अक्काची औषधं आणायला गेले होते. अक्का खाटेवरून खिडकीतून बघत होती. बाहेर आपलं सोलापूरचं ऊन, डांबर मऊ झालेलं. तिनं त्यांना आत बोलावलं, शेजारणीकडून ताक मागवून दिलं आणि म्हणाली, "बसवा काय बसवायचं ते. उन्हात किती येळ हुबं राहायचं मानसांनी?" पाच मिनिटांत जुनं मीटर निघालं, नवं लागलं. तेवढा वेळ लाईट बंद, अक्का सिलिंडरवर. दाजी आले, जिन्याखाली गेले, बघितलं आणि वर येऊन बायकोला एका शब्दानं बोलले नाहीत. माझ्या घरी मला न विचारता उशीचे अभ्रे बदलले तरी मी दोन दिवस बोलत असतो. हे बाबा तिच्या नळीचा पीळ सोडवत म्हणाले, "ताक मीठ घालून दिलंस का न्हाय?"

पण मीटरशी त्यांनी वैर धरलं ते धरलंच. त्याला नाव ठेवलं 'चहाडखोर'. त्याच्यासमोर घरातल्या गोष्टी बोलायच्या नाहीत, असा दंडक निघाला. मात्र ह्या मीटरवर दिवसा वापरलेल्या विजेला सवलत आहे हे कळल्यावर, शत्रूची झाली तरी सवलत कशाला सोडा, म्हणून घराचं वेळापत्रक उलटंपालटं केलं. इस्त्री भर दुपारी, मिक्सर भर दुपारी, पाण्याची मोटर भर दुपारी. दाजींकडं लागलं म्हटल्यावर एव्हाना बोळात घरोघरी नवं मीटर लागलं होतं, त्यामुळं त्यांचं बघून सगळा बोळ तसाच वागू लागला. दुपारी एक वाजता प्रत्येक घरातून मिक्सर बोंबलायचा. मी वामकुक्षीला पडलेला असायचो. हीच सवलत मी महिनाभर आधी आमच्या हिला छापील कागदासकट समजावून सांगितली होती, तेव्हा ती म्हणाली होती, "बघू पुढं."

मग एका रविवारी सकाळी दाजींनी ती प्रसिद्ध तपासणी केली. घरातलं सगळं बंद केलं आणि जिन्याखाली जाऊन बघितलं, तर मीटरवरचा तांबडा दिवा लुकलुकतोच आहे. म्हणजे काही न चालवता मीटर चालतंय! तासाभरात ही बातमी दुसऱ्या पेठेत गेली. बोळात मीटिंग झाली. ऑफिसवर अर्ज घेऊन जायचं ठरलं, चाळीसेक सह्यांचा. दाजी पुढं, मागं सगळे. अर्ज सरकारी भाषेत लिहायला कुणीतरी हवं होतं, तेव्हा कुठं माझी आठवण झाली. म्हणजे विचारायला नव्हे, लिहायला. मी कागद घेऊन दाजींच्या बाहेरच्या खोलीत बसलो. सगळा बोळ दारात, जिन्यात, खिडकीत. आतल्या खोलीचं दार उघडं, खाटेवर अक्का उशांना टेकून हा समारंभ बघत होती.

मी म्हणालो, "दाजी, तपासणीच्या वेळी बंद केलेल्या उपकरणांची यादी द्यावी लागेल. अर्जाला जोडायला." म्हणाले, "ल्हिवा." आणि पाढे म्हणावेत तसं सांगायला लागले. पंखे तीन, ट्यूब चार, बल्ब दोन, फ्रिज, टीव्ही, टीव्हीवरचा डबा, मिक्सर, इस्त्री, मोटर, मोबाईलचा चार्जर, डास मारायची रॅकेट, दारावरची बेल, देव्हाऱ्यातली दिव्यांची माळ. लोक माना डोलवत होते. काय ही स्मरणशक्ती, काय हा बारकावा! मग सगळ्यांच्या साक्षीनं पुन्हा तपासणी करायची ठरली. दाजी एकेक बटण बंद करत आले, नाव पुकारत आले. पंखे थांबले, फ्रिज मुका झाला, उकाडा दाटला. एक जण जिन्याखालून ओरडला, "लुकलुकतंय! अजून लुकलुकतंय!" आणि सगळा बोळ हां हां म्हणून उठला.

तेवढ्यात मला ऐकू आलं. मला दाजींसारखा कान नाही, पण मत्सर करणाऱ्या माणसाला समोरच्याची चूक फार लांबून ऐकू येते. आतल्या खोलीतून घरघर येत होती. दोन वर्षं ती त्या घरात इतकी मुरली होती, की दारातल्या चाळीस माणसांना ती ऐकूच येत नव्हती. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पुन्हा वाचली. डास मारायची रॅकेट होती, बेल होती, ते मशीन नव्हतं.

खरं सांगतो, मी त्यांना बाजूला घेऊन सांगू शकलो असतो. नाही घेतलं. उभा राहिलो, घसा साफ केला, आणि आयुष्यभर ज्या आवाजात बोलायची इच्छा होती त्या आवाजात म्हणालो, "दाजी, सगळं बंद आहे म्हणता, मग हे अक्कांचं मशीन काय हवेवर चालतं? दिवसरात्र ते वीज खातं, म्हणून दिवा लुकलुकतो. मीटरचा काही दोष नाही!"

आता हशा पिकेल म्हणून मी वाट बघत राहिलो. कुणी हसलं नाही. दाजींनी मान वळवून आतल्या खोलीकडं बघितलं, मशीनकडं, मग माझ्याकडं. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. "ते व्हय?" म्हणाले. "ते... ते कसं बंद करायचं? ते काय यादीत धरत्यात व्हय? ती हिची... ते हिचं हाय की."

समोरच्या तेलुगू मावशींना आमचं सगळं मराठी कळत नाही, पण त्यांनी डोळ्याला पदर लावला. आतून अक्का हसली. तिला हसायला दम पुरत नाही, तरी हसली आणि म्हणाली, "अवो, सगळं बंद केलं आन् तेवढी मीच राह्यले बंद करायची!" दाजी म्हणाले, "गप ए," आणि पंख्याचं बटण लावायला गेले. माणसं एकेक करून, चपला न वाजवता निघून गेली. जाताना मला कुणी दाद दिली नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीच्या जोरावर मिळवलेलं माझं एकमेव जाहीर यश त्या खोलीत तसंच पडून राहिलं. घरी आल्यावर हिनं ताट वाढलं आणि ती तशीच स्वयंपाकघरात निघून गेली. मी जेवलो नाही. एवढी उपकरणं बोटांवर मोजणाऱ्या माणसाला एक मशीन उपकरण वाटतच नाही, असं त्याचं काय होतं त्या खाटेवर? माझं असं काय आहे? त्या दिवसाइतका मी दाजींवर कधीच जळलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी आमच्या दारात. आत या म्हटलं तर आले नाहीत. टोपी हातात. म्हणाले, "साडूभाऊ, तुमची काल चूक न्हवती. माजा कानच इस्कटला. आता माजं मलाच खरं वाटंना झालंय. म्हणून तुमाला इचारायला आलोय. तुमी हापिसात होता. मीटर खरं हाय, मान्य. पन उद्या कंप्युटरची चूक झाली, तर हिची वीज तोडायच्या आदी कुणी यील का हो?"

विचारलं! ह्या माणसानं मला विचारलं. आणि काय सांगू, मला तो प्रश्न नको झाला. मी नोटीस सांगितली, मुदत सांगितली, मोबाईलवर येणारा मेसेज सांगितला, रुग्ण असल्याचा अर्ज देऊन नोंद करता येते का ते विचारू, म्हणालो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नियम नगंत. कुठला मानूस यील तेवढं सांगा."

बोळात दूधवाल्याच्या बरण्या वाजत होत्या. मी म्हणालो, "मी येईन."

"तुमी?"

"मेसेज माझ्या मोबाईलवर येईल असं करू. आला तर मी येतो, दार वाजवतो. रोज एकदा तसाही येऊन बघून जाईन."

दाजींनी टोपी डोक्यावर ठेवली, "बरं हाय," एवढं म्हणाले आणि गेले. आम्ही दोघांनी मिळून घरात रुग्ण असल्याचा अर्ज दिला, मेसेजसाठी माझा नंबर लावला. बोळातली माणसं आजही लाईट गेली की त्यांच्याच गच्चीखाली जमतात. मला कुणी काही विचारत नाही.

मी मात्र रोज दुपारी जेवण झालं की जातो. हिला वाटतं, गप्पा मारायला जातो. दार नुसतं लोटलेलं असतं. उंबऱ्यात मी थांबतो, आतली घरघर कानावर येते, मग पाऊल उचलतो. अक्का खाटेवरून बोट ओठावर ठेवून मला खूण करते. तिच्या शेजारच्या खुर्चीत, मान एका बाजूला टाकून, दाजी गाढ झोपलेले असतात. मी यायच्या वेळेलाच त्यांना झोप लागते आणि मी उठेपर्यंत ते जागे होत नाहीत. मी स्टुलावर बसून राहतो, आणि मशीन चालू आहे ना ते ऐकत, त्या झोपलेल्या माणसावर तासभर जळतो.